मदत हवी आहे : वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन आणि अण्णा

नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मूळचे किल्लारीजवळचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगड-मातीचं घर कोसळलं, त्यात त्यांची आई आणि धाकटी बहीण गेली. ते स्वतः माळवदाखालून (मातीच्या सपाट छताखालून) निघाले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, सगळे दमून झोपले होते.

आता ते आमच्याकडे पुण्यात आहेत. वरच्या फ्लॅटमधलं वॉशिंग मशीन सुकवायला जोरात फिरू लागलं की भिंत थोडी थरथरते. एवढं पुरतं. अण्णा अनवाणी जिन्यात, नातवाला काखोटीला मारून. नंतर तासभर हात थरथरत असतात. "आधी आवाज येतो, मग हादरा," एवढंच बोलतात. गंमत म्हणजे फटाक्यांचं त्यांना काही वाटत नाही! खालून येणारी घरघर मात्र सहन होत नाही.

शेजारच्या ताई समजूतदार आहेत. मशीनखाली रबरी पॅड घातले, दुपारीच लावतात. पण विसर्जनाच्या डीजेचं काय करू? कानात बोळे घालून छातीतली धडधड थांबत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला होता, चांगलं बोलले, समुपदेशन घ्या म्हणाले. अण्णा म्हणतात, "मी काय येडा हाय का?"

तुमच्या घरी असं कुणी आहे का? त्यांना कसं तयार केलंत? आणि मराठवाडी बोली समजणारं, आघातावर काम करणारं कुणी पुण्यात माहीत असेल तर कृपया कळवा.