लाळेची चाचणी स्कॅनच्या आधी, स्कॅनऐवजी नाही

लाळेवरून पक्षाघात ओळखता आला तर देवगड-राजापूरकडच्या रुग्णांना सीटी स्कॅनची गरजच उरणार नाही, असं म्हटलं जातंय. आशा मलाही आहे, पण हे पटत नाही. बहुतेक झटके रक्तवाहिनीत गुठळी अडकून येतात, काही मेंदूत रक्तस्राव होऊन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेच रक्तस्रावात दिलं तर जीवावर बेततं. हा फरक आज स्कॅनच खात्रीने दाखवतो. रक्तस्रावात जीएफएपी हे मेंदूतल्या पेशींमधलं प्रथिन रक्तात लवकर वाढतं खरं; पण रक्तातली अशी प्रथिनं लाळेत फार कमी उतरतात. त्यात आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या आयाबाया किती! हिरड्यांतून रक्त येत असेल तर नमुन्यावर भरवसा कसा ठेवायचा? शिवाय झटका आलेल्याला अनेकदा गिळताच येत नाही, म्हणून नमुना जपूनच घ्यायला हवा (आणि घरच्यांनी पाणीसुद्धा पाजू नये).

माझ्या मते या चाचणीची खरी जागा 108च्या गाडीत आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात थांबायचं, की थेट स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं, गरज पडल्यास घाट चढून कोल्हापूरपर्यंत, हे तिथेच ठरवता आलं तर कोकणात तास वाचतील.