तुकोबांनी कुठे कॉपीराइट घेतला होता म्हणे!

खडूस_एकांकिकावाला: काल ग्रुपवर एकाने अख्ख्या कादंबरीची पीडीएफ टाकली, नको म्हटलं तर उत्तर काय, "शब्द कुणाच्या बापाचे नसतात, तुकोबांनी कुठे कॉपीराइट घेतला होता". अरे मग शेवटी 'तुका म्हणे' कशाला घातलंय, यमक जुळवायला? माझी एकांकिका एका मंडळाने नाव बदलून स्पर्धेत केली, बक्षीस मारलं, मी प्रेक्षकांत बसलेलो आणि स्टेजवर लेखक म्हणून भलत्याच माणसाला नारळ देतायत!! तेव्हा कळतं शब्द कुणाच्या बापाचे ते.

पीडीएफ_पंत: तो पीडीएफवाला मीच. नाव चोरणं वेगळं, वाचायला देणं वेगळं, उगाच गल्लत नको. आणि 'तुका म्हणे' लावून दुसऱ्यांनी आपले अभंग खपवले त्याला काय म्हणाल, उलटी चोरी?

खडूस_एकांकिकावाला: विषय बदलू नका. लेखकाने खायचं काय?

पीडीएफ_पंत: मेलेला लेखक काय खातो? आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क. आधी ५० होती, टागोरांचं लेखन हक्कातून मोकळं व्हायची वेळ आली तशी १९९२ मध्ये १० वाढवली. १९४१ साली गेलेला माणूस त्या जोरावर नवीन काही लिहिणार होता का?

लेखकाची_नात: नातवंडं बसून खातात असं वाटत असेल तर ऐका. आजोबांच्या रॉयल्टीत वर्षाला एक दिवाळी अंक येत नाही धड. प्रकाशक पुस्तक छापत नाही, दुसऱ्याला छापू देत नाही, फोन केला की "बघू पावसाळ्यानंतर". किती पावसाळे झाले.

कोर्टाची_पायरी: ताई, करारात मुदत लिहिली आहे का? नसेल तर आताच्या कायद्याने ५ वर्षंच धरतात, हक्क परत आलेही असतील.

लेखकाची_नात: करार कसला, एका पिवळ्या कागदावर सही आहे. मुदतबिदत काही नाही.

कोर्टाची_पायरी: मग वाट कसली बघताय? नोटीस द्या.

खडूस_एकांकिकावाला: हे प्रकाशकांचं दुखणं वेगळं. बरं, जे पुस्तक विकतच मिळत नाही त्याच्या पीडीएफवर मी गळा काढणार नाही, झालं समाधान? पण कालची कादंबरी दुकानात मिळते, पंत!

पीडीएफ_पंत: ३५० रुपयांना.

खडूस_एकांकिकावाला: एका पिझ्झाचे पैसे! तिथे नाही म्हणत पिझ्झा कुणाच्या बापाचा.

पीडीएफ_पंत: ताई, आजोबांच्या पुस्तकाचं नाव कळवा, माझ्याकडे स्कॅन असेल.

लेखकाची_नात: मेसेज केलाय. असेल तर पाठवाच, घरात एकही प्रत उरली नाहीये.