मदत हवी आहे : तिघांनी मिळून ऑर्डर घ्यावी का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत माझं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. एका पंप कंपनीला पॅटर्न (साचा बनवायचा नमुना), कास्टिंग (ओतीव भाग) आणि मशिनिंग एकाच ठिकाणाहून हवंय, म्हणून एक फाउंड्रीवाले, एक पॅटर्नवाले आणि मी असं एकत्र यायचं घाटतंय. माणसं ओळखीची आहेत, पण नुसत्या ओळखीवर धंदा करून एकदा हात पोळलेत.

खरी अडचण ब्लोहोलची, म्हणजे ओतकामात आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्यांची. कास्टिंग वरून चांगलं दिसतं, दोन मिलिमीटर कट घेतला की आतली भोकं उघडी पडतात. तोवर माझा मशीनचा वेळ आणि इन्सर्ट (कापायच्या हत्याराचं टोक) गेलेला असतो. मागे फाउंड्रीने कास्टिंग बदलून दिलं, मशिनिंगचा खर्च मात्र माझ्या अंगावर. तुम्ही हा खर्च कसा वाटून घेता?

शिवाय ऑर्डर कोणाच्या नावावर घ्यावी? माझं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, २००६च्या एमएसएमई कायद्यातली पैसे चुकते करायची ४५ दिवसांची मुदतही माहीत आहे. पण रोज ज्याचं तोंड पाहायचं त्याच्यावर दावा कसा लावायचा?

असं काम केलेल्यांनी कृपया सांगा. कराराचा नमुना मिळाला तर फार उपकार होतील.