बस अडवल्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला तर? तपासणी, चेहरे, नंबर आणि ॲडमिनची जबाबदारी

निपाणी_ॲडमिन

नमस्कार मंडळी. आम्ही कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातले, निपाणीचे. आमच्या तरुण मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शेतकरी, दुकानदार, कोल्हापूरला कामाला जाणारे, कॉलेजची मुलं, सगळे त्यात आहेत. १ नोव्हेंबरचा काळा दिवस (कर्नाटक स्थापनादिनी सीमाभागातली मराठी मंडळी पाळतात तो) जवळ आला, की कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं हिवाळी अधिवेशन संपेपर्यंत व्हिडिओंची रांग लागते. बस अडवली, कंडक्टरला मारलं, पाटीला काळं फासलं, ट्रकच्या काचा फोडल्या. त्यातला आजचा कोणता, जुना कोणता आणि आपल्याकडचाच नसलेला कोणता, हे ओळखायचं कसं? एखादा खोटा निघाला तर ॲडमिन म्हणून माझ्यावर काय येतं? आणि खरा निघाला तर तो तसाच फिरू द्यावा का? त्यातल्या माणसांचे चेहरे आणि गाडीचे नंबर स्पष्ट दिसत असतात. जाणकारांनी नीट सांगावं.

जुना_वार्ताहर

ॲडमिन दादा, फाइलच्या नावावर आधी विसंबू नका. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओचं नाव 'व्हीआयडी', मग वर्ष-महिना-दिवस, मग 'डब्ल्यूए' आणि एक आकडा असं असतं. ती तारीख फाइल तुमच्या फोनवर आली त्या दिवसाची असते, चित्रीकरणाची नव्हे. २०२२ चा व्हिडिओ काल आला तर नावात कालचीच तारीख दिसणार. "तारीख आहे की त्यावर" म्हणणारे इथेच फसतात. चित्रीकरणाची वेळ मूळ फाइलच्या आत नोंदलेली असते आणि व्हॉट्सॲप व्हिडिओ लहान करून पाठवताना ती गळून जाते. "मीच काढलाय" असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. तसा पाठवला तर आतली माहिती बहुधा टिकते. देता येत नसेल तर तो त्याने काढलेला नाही असं धरून चालायला हरकत नाही.

वरच्या बाजूला दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं, तर तो मजकूर किमान पाच हातांतून पुढे आलेला आहे. "आत्ताच आमच्या चौकात घडलं" असं लिहिलेल्या व्हिडिओवर दोन बाण असतील तर तिथेच थांबा.

मग व्हिडिओ पाव वेगाने बघा. गर्दीकडे बघू नका, न हलणाऱ्या गोष्टींकडे बघा. दुकानाच्या पाट्या पहिल्यांदा. लांबून कन्नड वाटणारी लिपी पुष्कळदा तेलुगू असते. तेलुगू अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी तिरकी चिमटी असते, कन्नडात डोक्यावरची रेघ आडवी जाऊन टोकाला वळते. खात्री नसेल तर गूगल लेन्स पाटीवर धरा, मजकूर वाचून दाखवतो. आंध्र-तेलंगणातलं भांडण 'कर्नाटकात मराठी माणसाला मारहाण' या नावाने फिरवणं अवघड नाही, आणि एवढ्या एका पाटीवरून ते उघडं पडतं.

नंबरप्लेट. केए २२ बेळगाव, २३ चिक्कोडी, २४ बैलहोंगल, ४९ गोकाक. कर्नाटकच्या सरकारी बसच्या नंबरात 'एफ' असतो, म्हणजे केए २२ एफ वगैरे. महाराष्ट्राच्या एसटीचं मात्र वेगळं आहे. एमएच १४ दिसलं म्हणून ती पुण्याची बस, असं होत नाही. एसटीच्या बस दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जातात आणि नोंदणी त्या भागातली पडते, म्हणून एमएच १४, २० किंवा ४० ची गाडी कोल्हापूर आगाराचीही असू शकते. आगार ओळखायचं तर बसवर रंगवलेलं आगाराचं नाव आणि मार्गाची पाटी वाचा.

प्लेटवरून काळही कळतो. तेलंगणाने 'टीएस' सोडून 'टीजी' मार्च २०२४ मध्ये घेतलं. उच्च सुरक्षा नंबरप्लेट नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. सगळ्यांच्या तोंडावर मास्क असतील तर २०२०-२१ चा संशय घ्या. रस्त्याकडेचे मैलाचे दगडही बोलतात: वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. 'कोगनोळी टोलनाक्यावर' (निपाणीजवळचा, राष्ट्रीय महामार्गावरचा) असं लिहिलंय आणि दगड हिरवा दिसतोय, तर जागा ती नव्हे. शेत बघा. डिसेंबरचा व्हिडिओ म्हणतात आणि लांबलचक रस्त्यावर उसाची एकही ट्रॉली नाही, उलट गटारं भरून पाणी वाहतंय, तर शंका घ्यायलाच हवी.

आवाज वेगळा तपासा. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. कॅमेरा गर्दीकडून वळून बसकडे जातो आणि शिव्यांचा आवाज तसूभरही कमी-जास्त होत नाही, म्हणजे तो वरून चिकटवलेला असू शकतो. आपल्या कानाला बेळगावची मराठी कळते. तो हेल आणि विदर्भाचा हेल एक नाही.

हे झाल्यावर तीन-चार स्क्रीनशॉट काढा, फक्त पाटी किंवा इमारत राहील असे कापा आणि लेन्सने शोधा. तुकडे हाताने काढायचे नसतील तर संगणकावर ब्राउझरला लावायची 'इनव्हिड' नावाची फुकट जोडणी आहे, ती व्हिडिओचे तुकडे आपोआप पाडून देते. शोधताना शब्द मराठीत आणि कन्नडात, दोन्हीकडे टाका. बहुतेकजण फक्त मराठीत शोधतात, आणि बातमी कन्नड वाहिनीने तीन वर्षांपूर्वी दिलेली असते.

दोन प्रसंग सीमाभागातल्या प्रत्येक ॲडमिनने तारखेसह लक्षात ठेवावेत, कारण त्यांची दृश्यं पुन्हा नव्या तारखेने येऊ शकतात. एक, ६ डिसेंबर २०२२: बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक, आणि उत्तर म्हणून पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं. दुसरा, फेब्रुवारी २०२५: बेळगाव तालुक्यात कंडक्टरला मारहाण, पाठोपाठ चित्रदुर्गात एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं आणि बसफेऱ्या थांबल्या. चित्रदुर्ग बेळगावहून जवळपास ३०० किलोमीटर. त्या चालकाचा बेळगावातल्या भांडणाशी काय संबंध होता? दृश्य इतक्या लांब पोचतं आणि मार भलत्याच माणसाला बसतो. म्हणून एवढं सगळं लिहिलं.

शेवटी त्या गावात फोन लावा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी होय म्हटलं तरच होय.

सीमावासी_अनगोळ

हे सगळं ठीक. पण खरा व्हिडिओही थांबवायचा म्हणता का? आपल्यावर अन्याय झाला तर इथल्या वाहिन्या दाखवत नाहीत. फॉरवर्ड केलं नाही तर कुणाला कळणार? उद्या तोच व्हिडिओ पुरावा म्हणून लागेल, तेव्हा कुणाकडेच नसेल.

कोर्ट_गल्ली

अनगोळकर, तुमची तळमळ रास्त आहे. पण फॉरवर्ड झालेला व्हिडिओ पुरावा म्हणून सगळ्यात कमकुवत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाइलचा ठसा, एक सेकंद कापला तरी तो बदलतो. म्हणून ज्याने चित्रीकरण केलं त्याच्या फोनमधली मूळ फाइल कापू नका, त्यावर बाण-अक्षरं टाकू नका. एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. कागदावर तारीख, वेळ, जागा, फोनचं मॉडेल लिहून त्याची सही घ्या. अन्याय सिद्ध करायचा असेल तर ही फाइल तक्रारीसोबत जायला हवी. हजार ग्रुपवर गेलेली, लहान झालेली प्रत कोर्टात फारशी उपयोगाची नाही, आरोपीला सावध मात्र करते.

तक्रार मराठीत दिली तर चालते का, असं कायम विचारतात. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क आहे. व्यवहारात मात्र मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा, काम लवकर हलतं. ऑनलाइन माहिती दिली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. ते राहून गेलं की तक्रार तिथेच अडते. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

आता ॲडमिनचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. नागपूरच्या निकालात समान हेतू किंवा आधीचा कट दिसायला हवा असं म्हटलंय. हे दोन्ही निकाल कर्नाटकातल्या कोर्टाला बांधील नाहीत, वजन मात्र आहे. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. २०२१ मध्ये ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येत नव्हता, २०२२ पासून येतो. "माझ्या हातात काय होतं?" हा बचाव त्यामुळे पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही, असं माझं मत.

स्वतः फॉरवर्ड करणाऱ्याची गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेचं (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १९६ भाषेच्या किंवा जन्मस्थानाच्या कारणावरून वैर वाढवण्याबद्दल आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कलम ३५३ खोटी माहिती आणि अफवांबद्दल. त्यात अपवाद आहे: मजकूर खरा मानायला वाजवी कारण होतं आणि सद्हेतूने पाठवला, तर तो गुन्हा नाही. जुन्या_वार्ताहरांनी सांगितलेली तपासणी केली आणि तिचे स्क्रीनशॉट ठेवले, तर हे 'वाजवी कारण' दाखवायला ते उपयोगी पडतात.

व्हिडिओत अल्पवयीन मूल असेल आणि प्रकरण पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) असेल, तर चेहरा, नाव, शाळा, गल्ली, आईबापांचं नाव, काहीही नको. कलम २३ मध्ये किमान सहा महिने शिक्षा आहे. बलात्कारासारख्या लैंगिक गुन्ह्यातल्या प्रौढ पीडित व्यक्तीची ओळखही न्याय संहितेच्या कलम ७२ ने झाकलेली आहे. इथे खरं-खोटं हा प्रश्नच येत नाही. लगेच पुसायचं.

मोबाईल_दुरुस्ती

सेटिंगचं मी सांगतो. १ नोव्हेंबरच्या आधीच ग्रुप सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याचा हक्क फक्त ॲडमिनकडे घ्या आणि नवीन सदस्य ॲडमिनच्या मंजुरीशिवाय येणार नाही असं करा. लिंक सगळीकडे फिरलेली असेल तर ती रीसेट करा, जुनी लिंक मरते. नुसती माहिती द्यायची असेल तर ग्रुपऐवजी 'चॅनेल' काढा, तिथे फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे दिसतात, हे पुष्कळांच्या लक्षातच नसतं.

फोटोत चेहरा झाकताना मार्करने गिरगटू नका. हायलायटरसारखा अर्धपारदर्शक रंग असेल तर उजेड वाढवला की खालचं दिसतं. भरीव काळा चौकोन ठेवा, मग त्याचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवा. सिग्नल ॲपमध्ये चेहरे पुसट करण्याची सोय आतच आहे. व्हिडिओसाठी यूट्यूब स्टुडिओत चेहरे पुसट करता येतात.

खानापूरची_ताई

व्हिडिओचं सगळे बोलले, निवेदनांचं कुणी बोललं नाही. जिल्हाधिकाऱ्यांना किंवा तहसीलदारांना निवेदन देतात, सोबत सह्यांचा कागद असतो आणि त्या कागदाचाही फोटो दहा ग्रुपवर जातो. नाव, गाव, मोबाईल नंबर आणि सही एकाच पानावर! फसवणूक करणाऱ्याला आणखी काय हवं? त्यात बायकांचे नंबर असतात, मग रात्री-अपरात्री फोन सुरू होतात. प्रसिद्धीसाठी पहिलं पान आणि पोचेचा शिक्का एवढाच फोटो पुरतो. सह्यांच्या कागदावर मोबाईलचा रकाना ठेवूच नका, एका संपर्क व्यक्तीचा नंबर बस झाला. आधारची झेरॉक्स कुणी मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड आधार' द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं.

नंबर आधीच फिरला असेल तर व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू करा, ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं तिथे 'माझे संपर्क' ठेवा आणि सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी लावा. पैसे गेले तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. अंगावर कुणी आलं तर ११२.

निपाणी_ॲडमिन

ताई, सह्यांच्या कागदाचं डोक्यातच नव्हतं, आजच मंडळात सांगतो. एकच राहिलं. गावातल्या पोराचा चेहरा एखाद्या यूट्यूब पोर्टलने किंवा पेपरने चुकीच्या बातमीत दाखवला तर?

जुना_वार्ताहर

यूट्यूबवर साध्या 'रिपोर्ट' बटणाने भागत नाही, गोपनीयतेच्या तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे. तो शक्यतो ज्याचा चेहरा आहे त्यानेच भरायचा, मंडळाने त्याच्या नावाने नव्हे. व्हिडिओची लिंक द्यायची आणि चेहरा कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला दिसतो, अंगात काय कपडे आहेत, हेही लिहायचं. यूट्यूब टाकणाऱ्याला साधारण ४८ तास देतं, मग स्वतः बघतं. फॉर्म भरण्याआधी पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात चॅनेलचं नाव, तारीख आणि लिंक दिसू द्या. व्हिडिओ उतरवला की पुरावाही जातो.

पेपरचं असेल तर आधी संपादकाला लेखी पत्र, कात्रणासह. चूक काय आणि खरं काय, दोन्ही लिहा. 'बदनामी झाली' एवढंच लिहून काही होत नाही. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पावती सांभाळा. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जायचं. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी छापल्यापासून दोन महिन्यांत, इतर नियतकालिकांना चार महिने. संपादकाच्या उत्तराची वाट बघत ही मुदत घालवू नका. कौन्सिल दंड करत नाही, पण पेपरला समज देऊ शकते, ताशेरे मारू शकते. चौकशीत संपादकाला उत्तर द्यावं लागतं, आणि खुलासा छापून यायला पुष्कळदा तेवढं पुरतं.