मे महिन्यातल्या मेळाव्याला गिटार आणताना

सोलापुरात गिटार कारागिराच्या वर्कशॉपमध्ये मे महिन्यात जमायचं ठरतंय आणि त्या उन्हाळ्यात गिटार कशी आणावी असं काहींनी विचारलंय, म्हणून लिहितो. सोलापुरात तेव्हा पारा ४० च्या वर, हवा कोरडी. सॉलिड टॉपला, म्हणजे गिटारच्या पुढच्या अस्सल लाकडाच्या (प्लायवूड नसलेल्या) पाटीला, ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याहून फार कमी झाली की लाकूड आकसतं, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं हाताला टोचतात, टॉप खाली बसतो आणि तारा फ्रेटला लागून खरखरतात. अशा वेळी लगेच ट्रस रॉड (मानेचा बाक बदलणारी आतली सळई) पिळू नका! आधी ओलावा द्या: भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज घालून डबी केसमध्ये हेडस्टॉकखाली (खुंट्या असलेल्या टोकाखाली) ठेवा. पाणी ठिबकता कामा नये. उन्हातल्या बंद गाडीत तर गिटार अजिबात नको, सरस मऊ पडून ब्रिज (तारा अडकवलेली टॉपवरची पट्टी) उचलला जातो. बाराव्या फ्रेटवर तारांची फ्रेटपासूनची उंचीही मोजून आणा. जाड ई (सगळ्यात जाड तार) २.५, बारीक ई (सगळ्यात बारीक तार) २ मिमीच्या आसपास असेल तर छेडछाड नको.