प्रतिसाद: मुलगी पंधराची आहे, क्रोशाचे कानातले विकू द्यावेत का?

ताई, दिवाळीला विकू दे की! पण तुम्ही एका जोडीची किंमत ३० रुपये लिहिलीय, तिथं मी अडखळलो. धागा-हुक धरून १४ रुपये खर्च, ठीक. तिचा वेळ कुठाय?

माझा भाचा सोळाचा असताना उरलेल्या चामड्याच्या कातरणातून बोटभर चपलांची की-चेन करायचा. कान, अंगठा, वरची वेणी, सगळं हुबेहूब. ५० रुपयांना विकायचा, लई खूश. एकदा मी घड्याळ लावून बसलो. एका जोडीला पाऊण तास! वेणी घालण्यातच निम्मा वेळ. मग किंमत ९० केली. गिऱ्हाईक थोडं घटलं, पण पोरगं रात्री झोपायला लागलं.

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका दुकानदारानं 'विकलं की पैसे देतो' म्हणून त्याचे ४० नग ठेवून घेतले. चिठ्ठी नाही, काही नाही. निम्म्याचे पैसे अजून यायचेत. तेव्हा वहीत नग, तारीख, सही पाहिजेच. आणि १८ च्या आतल्या मुलानं केलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्यानं टिकत नाही, म्हणून दुकानाशी व्यवहार तुमच्या नावानं करा. बचत खातं मात्र दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येतं, बँकेत विचारा.

आणखी एक. 'कोल्हापुरी चप्पल' या नावाला २०१९ पासून जीआय आहे, म्हणजे ठराविक भागात बनणाऱ्या वस्तूच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण. कानातल्यांना अडचण नाही, पण पुढं चपलांकडं वळली तर नाव जपून वापरा.

दिवाळीला अजून दीड महिना आहे ना? मग आधी वीसच जोड करू दे.