छोटी इलेक्ट्रिक गाडी: देखभाल आणि नेहमीच्या कुरबुरी (अनुभव धागा)

छोट्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल प्रश्न येतात ते रेंजचे आणि मोठ्या बॅटरीच्या आयुष्याचे. गाडी जागेवर अडते ती मात्र १२ व्होल्टची बॅटरी, भिंतीतले सॉकेट, ब्रेकच्या पिना अशा साध्या गोष्टींमुळे. ज्यांचे हात रोज या गाड्यांवर असतात त्यांनी लक्षण, कारण आणि उपाय आकड्यांसह लिहावेत. नारिंगी केबल (मोठ्या बॅटरीची जास्त व्होल्टेजची वायर) आणि तिला जोडलेला कुठलाही भाग घरी उघडायचा नाही, हे गृहीत धरून लिहा.

गॅरेज मेकॅनिक
मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली, तरी गाडी 'रेडी' (चालायला तयार) होत नाही, डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे लागतात, रिले टकटक वाजतात. आधी १२ व्होल्टची बॅटरी मोजा. मोठा पॅक (म्हणजे मोठी बॅटरी) गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर (मोठे रिले) याच छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली की भरलेला पॅकही उपयोगाचा नाही.

लेड-ॲसिड बॅटरी असेल तर गाडी बंद करून दोन-तीन तासांनी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर ठीक, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली रिकामी. मग गाडी 'रेडी' करून त्याच टर्मिनलवर पुन्हा मोजा. बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसतो. तो १२ च्या आसपासच रेंगाळला तर बॅटरी बदलून काही साधणार नाही, डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीवरून छोटी भरणारा भाग) किंवा त्याचा फ्यूज पाहावा लागेल. इंजिनच्या गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर कुंथतो आणि आधी कळते. इथे स्टार्टरच नाही, त्यामुळे काल चाललेली गाडी आज थेट मुकी होते. म्हणून तीन वर्षांनंतर दर दोन महिन्यांनी मोजत जा.

दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीवरून जंप देता येतो, कारण फक्त कॉन्टॅक्टर आणि कंट्रोलर जागे करायचे असतात. उलटे करू नका. इंजिनच्या गाडीचा स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, तो भार आपल्या गाडीच्या कन्व्हर्टरसाठी नाही.

वायरमन
चार्जिंग मध्येच बंद पडणे, ही तक्रार गाडीची कमी आणि सॉकेटची जास्त असते. घरगुती उपकरण १५ अँपिअर ओढते तेही थोडा वेळ. गाडी तोच करंट सात-आठ तास सलग ओढते. सॉकेटच्या मागचा स्क्रू किंचित सैल असला तरी तिथे उष्णता साठते, पिन काळी पडते, प्लास्टिक वितळते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर चार्जिंग लगेच थांबवा. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुनी भाजलेली पिन नवीन सॉकेटही खराब करते.

१६ अँपिअरसाठी मीटरबोर्डापासून स्वतंत्र वायर ओढा: तांब्याची, निदान २.५ चौरस मिमी, अंतर लांब असेल तर ४. स्वतंत्र एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. एक्स्टेन्शन बोर्ड नको. गुंडाळलेली वायर तर मुळीच नको, ती आतल्या आत तापते.

चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा आला तर न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टपर्यंत सहसा अडचण नसते, त्याहून बराच जास्त असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रलची जोडणी दुरुस्त करा. दिवा घालवण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात, ते जिवावर बेतणारे आहे. न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते.

ब्रेकचे काम करणारा
'रीजनमुळे (मोटरच गाडी हळू करून बॅटरी भरते त्यामुळे) ब्रेकपॅड खूप टिकतात' हे खरे. त्यामुळे ब्रेककडे पाहायचे नाही, हे चूक. पॅड वापरात नसले की डिस्कवर गंज धरतो, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना जाम होतात आणि एका बाजूचा पॅड झिजून संपतो तरी दुसरा नवाच राहतो. वर्षातून एकदा पिना काढून पुसा, सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावा (साधे ग्रीस रबरी बूट फुगवते), रबर फाटले असेल तर बदला. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, ते गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी बदलायचे. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजन सर्वात कमी ठेवून चार-पाच वेळा पायाने दाबून ब्रेक लावा, डिस्क स्वच्छ राहते.

बॅटरी तंत्रज्ञ
'८० टक्क्यांवर थांबा' हा सल्ला सरसकट देऊ नका. निकेल असलेल्या एनएमसी पेशींना (पेशी म्हणजे मोठ्या बॅटरीतले सुटे सेल) तो लागू आहे. एलएफपी (लोह-फॉस्फेट) पेशीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट असतो, त्यावरून किती चार्ज उरला हे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलरला) नेमके कळत नाही. म्हणून एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा हळू चार्जरवर १०० टक्के भरा आणि चार्जर स्वतः थांबेपर्यंत काढू नका. पेशींचे संतुलन बहुधा शेवटच्या टप्प्यात होते. २० टक्के दिसत असताना गाडी अचानक ५ वर येत असेल तर आधी हे दोन-तीन वेळा करून पाहा. फरक पडला नाही, तर प्रत्येक पेशीचा व्होल्टेज वाचून घ्या. बऱ्याचदा एकच पेशी मागे पडलेली निघते.

गाडी महिनाभर उभी ठेवायची तर ५० टक्क्यांच्या आसपास, सावलीत.

एसी मेकॅनिक
एसीत तेल भरताना नक्की सांगा की कॉम्प्रेसर विजेवर चालणारा आहे. त्याला पीओई जातीचे, वीज न वाहणारे तेल लागते. नेहमीचे पीएजी तेल मिसळले की इन्सुलेशन उतरते, आणि गाडी हाय व्होल्टेज बिघाड दाखवून बंद पडते. मग लोक मोटर खोलतात, दोष एसीत असतो.

गॅरेज मेकॅनिक
एक राहिले. चार्जिंग गन अडकली तर ओढू नका, लॉकची पिन वाकते. गाडी रिमोटने लॉक-अनलॉक करा, गन आत दाबून धरा, मग बटण दाबून काढा. तरीही नाही निघाली तर पुष्कळ गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीच्या अस्तरामागे हाताने ओढायची दोरी असते. तिची जागा मॅन्युअलमध्ये आजच पाहून ठेवा.